कार्यालयातील संगणक मंदावतात तेव्हा

भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे) तालुक्यांतील पतसंस्था, शाळा, सोसायट्या यांच्या कार्यालयांत आज चार-पाच संगणक तारेने जोडलेले दिसतात. 'नेट स्लो आहे, नंतर या' हे वाक्यही तेथे वरचेवर ऐकू येते. आम्ही बँकेत लिपिक, पदवी कलाशाखेची. तंत्रज्ञ असल्याचा आमचा दावा नाही. तथापि खिडकीच्या आतल्या बाजूने हे वाक्य आम्हीही पुष्कळदा उच्चारले आहे, आणि ते पुष्कळदा चुकीचे होते, हे येथे नमूद करतो.

एकदा पेन्शनच्या दिवशी सकाळीच शाखेतील सर्व संगणक थिजले. वेल्ह्याकडून पहिल्या एस.टी.ने आलेली वृद्ध मंडळी बाकावर बसून राहिली. आम्ही बाहेरच्या लाईनला दोष देत फोन फिरवत राहिलो. दुपारी दोष सापडला तो टेबलाखाली! आदल्या संध्याकाळी आवराआवर करताना तारेचे एक मोकळे टोक दिसले, ते स्विचच्या रिकाम्या खाचेत बसविले गेले. बसविणारे आम्हीच. त्या तारेचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये होते. साध्या, स्वस्त स्विचला असे वर्तुळ ओळखता येत नाही. सर्वांसाठी निघालेला एखादा संदेश त्यात गरगर फिरतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही. तार उपसताच कारभार सुरू झाला. तोवर दोन आजी पैसे न घेताच परतीच्या गाडीला निघून गेल्या होत्या.

म्हणून मंदपणा भिंतीच्या आत आहे की बाहेर, हे आधी ठरवावे. संगणकावरून आपल्याच राउटरला 'पिंग' ही आज्ञा द्यावी. तारेच्या जोडणीवर उत्तर बहुधा एक-दोन मिलिसेकंदांत येते. ते रेंगाळत असेल किंवा मध्येच हरवत असेल, तर दोष आपल्या घरातला आहे. बाहेरची महागडी लाईन घेऊन पैसे वाया जातील.

घरातला दोष शोधताना प्रथम तार पाहावी. तिच्या आत आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 100 मेगाबिट वेगाला चारच तारा पुरतात, 1000 ला आठही लागतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली तरी काम बहुधा चालू राहते, पण वेग दहापटीने उतरतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. संगणकाच्या नेटवर्क माहितीत जोडणीचा वेग दिसतो. दोन्हीकडची यंत्रे 1000 ची असून तेथे 100 दिसले, तर संगणक बदलण्याआधी तार बदलून पाहावी. आपल्याकडील पावसात ओलीने टोके गंजतात, उंदरांचे तर विचारूच नका! नवे टोक बसविताना जोडीचा पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये. शेजारच्या जोडीचा गोंगाट त्या पिळामुळेच रोखला जातो. एक तार 100 मीटरपेक्षा लांब नेऊ नये.

जुना हब कोठे शिल्लक असेल तर तो काढावा. हबमध्ये एकाचे बोलणे सर्वांच्या कानी जाते व एका वेळी एकालाच बोलता येते. स्विच ज्याचा निरोप त्यालाच देतो. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफायवर भिस्त ठेवू नये, निदान रोखीच्या खिडकीला तरी तारच असावी.

आमच्या शाखेत आता प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी आहे, आणि स्विचच्या रिकाम्या खाचांवर चिकटपट्टी.