मुक्या सोबत्याचा गुडघा

सकाळी उठताना मागचा एक पाय आखडतो. चार पावले चालल्यावर लंगडणे ओसरते. बसताना तो पाय दुमडला न जाता बाजूला पसरलेला राहतो. घरातील श्वानामधील हा बदल ‘वय झाले’ म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो अनेकदा गुडघ्याच्या वेदनेचा पहिला संकेत असतो.

श्वानाच्या गुडघ्यातील ‘क्रूसिएट लिगामेंट’ हा अस्थिबंध मांडीचे हाड आणि नडगी यांना जागेवर धरून ठेवतो. माणसात तो बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतो. श्वानात मात्र तो हळूहळू झिजत जातो आणि अखेर एखादी साधी उडी निमित्त ठरते. लॅब्राडोर, रॉटवायलर या जातींत हा विकार विशेष आढळतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते.

वजनदार श्वानाला बहुधा शस्त्रक्रिया सुचविली जाते. तथापि शस्त्रक्रियेने सांधा स्थिर झाला, तरी न वापरल्याने रोडावलेली मांडी आपोआप भरून येत नाही. तेथे भौतिकोपचाराचे कार्य सुरू होते. आरंभीच्या दिवसांत सूज उतरविण्यासाठी थंड शेक आणि पायाची हळुवार हालचाल. पुढे दोरीला धरून संथ चालणे, बसून उठण्याचा सराव, जमिनीलगतच्या आडव्या काठ्या ओलांडणे, असा हा क्रम असतो. पाण्यातील ट्रेडमिल विशेष उपकारक ठरते. पाणी कमरेच्या सांध्यापर्यंत असेल, तर पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ३८ टक्केच भार येतो. त्यामुळे सांध्याला न दुखविता स्नायूंना व्यायाम घडतो.

घरच्यांचा वाटाही मोठा आहे. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी, जिना आणि सोफ्यावरील उड्या बंद कराव्यात, वजन आटोक्यात ठेवावे. माणसांची वेदनाशामक गोळी मात्र कदापि देऊ नये. आयब्युप्रोफेनसारखे औषध श्वानाच्या जिवावर बेतू शकते. व्यायामही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवावा.

उपेक्षा महागात पडते. एक गुडघा निकामी झालेल्या श्वानांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसराही पुढे दुखावतो. बरे वाटताच श्वान धावू लागते आणि घरच्यांना उपचार संपल्यासारखे वाटते. खरा संयम तेव्हाच लागतो. वेदना सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नाहीत, म्हणूनच त्याच्या चालीकडे रोज लक्ष ठेवणे हे घरच्यांचे कर्तव्य ठरते.