चिठ्ठी कोणी लिहायची?

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी महिन्यातून चार-सहा दिवस गैरहजर असायचा. परत यायचा तो पाय ओढत. विचारले तर एवढेच म्हणायचा, 'सर, गुडघा सुजला होता.' मला ती सबब वाटे. एकदा त्याची आई महाविद्यालयात आली आणि बोलता बोलता म्हणाली, 'माझा भाऊ असाच गेला, सर. दात काढला अन् रगत थांबंना. बारा वर्षांचा होता.' त्या निरक्षर बाईने रोगाचे निदान माझ्यासमोर ठेवले होते. ते ओळखण्याइतके ज्ञान माझ्याजवळ नव्हते. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पण पदवीने मला हे शिकवले नव्हते.

रोगाचे नाव कळायला पुढे वर्ष गेले. हिमोफिलिया. तोवर चार दवाखाने झाले होते. एका ठिकाणी संधिवात ठरला. एका ठिकाणी कमरेत इंजेक्शन दिले आणि मांडी टरारून सुजली. एका ठिकाणी रक्तस्राव थांबण्याचा वेळ मोजून 'नॉर्मल' असा कागद हाती दिला. मधल्या काळात देवऋषीही झाला. या सगळ्याचा विचार करताना लक्षात आले, की या रोगावर औषध आहे. परंतु ते लिहून देणारा माणूस कोठे बसतो हे आपल्या वस्तीला माहीत नाही. ही माहिती काहींच्या घरात ओळखीपाळखीने आपोआप येते. आपल्या घरात ती कोणीतरी आणावी लागते. म्हणून हा लेख.

प्रथम रोग समजून घेऊ. जखम झाली की रक्त गोठवण्यासाठी शरीरातील अनेक प्रथिने साखळीने काम करतात. त्यांना घटक किंवा फॅक्टर म्हणतात. आठवा घटक कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. ए प्रकार साधारण ५,००० मुलग्यांत एकाला होतो, बी ३०,००० मुलग्यांत एकाला. घटकाचे प्रमाण निरोगी माणसाच्या १ टक्क्याहून कमी असेल तर रोग तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम, त्याहून अधिक पण ४० टक्क्यांच्या आत असेल तर सौम्य. अशा रुग्णाचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही. ते थांबायला फार वेळ लागतो. बाहेरच्या खरचटण्यापेक्षा आतला रक्तस्राव घातक असतो. गुडघा, घोटा, कोपर या सांध्यांत रक्त वारंवार साचले की सांधा कायमचा आखडतो. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीव जातो.

या रोगाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईला दोन एक्स असल्याने ती बहुधा धडधाकट दिसते. मात्र तिच्या प्रत्येक मुलग्याला रोग होण्याची शक्यता निम्मी असते. रुग्ण पुरुषाच्या मुलग्यांना त्याच्याकडून रोग जात नाही, पण त्याच्या सर्व मुली वाहक होतात. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच हा रोग नसतो. दोष नव्याने उद्भवतो. हा सृष्टीचा हिशेब आहे, आईचे पाप नव्हे. तरीही आपल्याकडे आधी सुनेला बोल लागतो. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र हाच रोग 'राजरोग' म्हणून मिरवतो. कारण तो व्हिक्टोरिया राणीच्या वंशात होता आणि रशियाच्या झारच्या मुलाला झाला होता. राजवाड्यात त्याला इतिहास मिळाला, वस्तीत तो करणी ठरला.

आता तज्ज्ञच का हवा ते पाहू. रक्तस्राव थांबण्याचा वेळ मोजणारी साधी तपासणी या रोगात बहुधा नॉर्मलच येते. प्लेटलेट नॉर्मल, पी.टी. नॉर्मल आणि ए.पी.टी.टी. मात्र लांबलेली असेल, तर संशय घ्यायचा आणि आठव्या व नवव्या घटकाचे प्रमाण मोजायचे. कोणता घटक कमी आहे हे ठरल्याशिवाय औषध लिहिता येत नाही. आठवा हवा असताना नववा देऊन उपयोग नाही. मात्राही वजनावर ठरते. आठव्या घटकाचे एक युनिट दर किलोमागे दिले तर रक्तातील प्रमाण सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ४० किलोच्या मुलाचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढवायचे तर ८०० युनिट लागतात. आठवा घटक आठ ते बारा तासांत निम्मा होतो, म्हणून पुढची मात्रा केव्हा हेही लिहावे लागते. तीव्र ए प्रकारात सुमारे चारांतील एका रुग्णाचे शरीर दिलेल्या घटकाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. त्याचे उपचार निराळे. एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचायचे नवे औषध फक्त ए प्रकारासाठी आहे. हा सगळा हिशेब करणारा डॉक्टर म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, हिमॅटॉलॉजिस्ट. हाडांच्या किंवा दातांच्या डॉक्टरानेही त्याला विचारूनच शस्त्र उचलायचे असते.

असे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. परंतु खाजगी दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे. मूल असेल तर बालरोग विभाग, मोठा असेल तर मेडिसिन विभाग. तेथे 'हिमोफिलियाची ओपीडी कोणत्या दिवशी असते' हा एकच प्रश्न विचारावा. ठाणे, नाशिक, सातारा आणि अमरावती येथील शासकीय रुग्णालयांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेलच्या रुग्णांसाठी डे-केअर केंद्रे उभी राहिली. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्तविज्ञानाची संस्था आहे. तेथे घटकांच्या तपासण्या होतात. स्वतः हिमोफिलियाग्रस्त असलेल्या अशोक वर्मांनी १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशन स्थापन केले. त्याच्या शाखा मुंबई, पुणे, नाशिक, नागपुरात आहेत. डॉक्टरांची ओपीडी, औषधाचा साठा, कागदपत्रे यांची खरी माहिती तेथे रुग्णांचे पालकच देतात.

तज्ज्ञ भेटला की त्याच्याकडून एक गोष्ट मागून घ्यावी : लेखी चिठ्ठी. तीत रोगाचा प्रकार, तीव्रता, वजन, लहान व मोठ्या रक्तस्रावासाठी घटकाची मात्रा आणि निषिद्ध गोष्टी असाव्यात. ॲस्पिरिन नको, स्नायूत इंजेक्शन नको. ही चिठ्ठी पाहून तालुक्याचा डॉक्टरही शिरेतून घटक देऊ शकतो. प्रत्येक वेळी रोज बुडवून शहर गाठावे लागत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने ती चिठ्ठी शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवली आहे. मुलाचा गुडघा आता पूर्ण सरळ होत नाही; वर्षभर आधी चिठ्ठी मिळती तर कदाचित झाला असता.

शासकीय केंद्रात घटक मोफत मिळतो. साठा संपला की 'पुढच्या आठवड्यात या' असे उत्तरही मिळते. अशा वेळी एकट्या आईने खिडकीशी भांडून भागत नाही. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, चार घरांनी मिळून जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. नोकरीतील ४ टक्के जागांच्या यादीत मात्र रक्तविकार नाहीत. ही विसंगती कोणीतरी मांडली पाहिजे.

शेवटी एक गोष्ट. प्लाझ्मापासून बनणाऱ्या घटकाच्या बाटलीत हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. १९८० च्या दशकात, विषाणू नष्ट करण्याची प्रक्रिया रूढ होण्यापूर्वी, याच बाटल्यांतून असंख्य रुग्णांना एड्स व कावीळ झाली. आज ती प्रक्रिया करूनच घटक दिला जातो. त्या बाटलीत कोणाचे रक्त कोणाचे हे कोणालाही सांगता येणार नाही. रक्ताच्या शुद्धतेवर ज्यांनी समाजरचना उभी केली, त्यांच्या मुलांनाही हीच बाटली वाचवते. बाटलीपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र अजून जातीची आणि वर्गाची आहे. ती वाट मोकळी करणे हे आपल्या शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. वर्गात कोणाचा गुडघा वारंवार सुजत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील, तर हजेरी मांडण्यापूर्वी त्याच्या मामाची चौकशी करा.