मानवी संस्कृतीचे भवितव्य

मानवी संस्कृतीचे भवितव्य : शेती, नगरे, लेखन व संघटित राज्यव्यवस्था यांच्या आधारे उभे राहिलेले मानवाचे सामूहिक जीवन हजारो वा लक्षावधी वर्षे टिकून राहू शकेल की काय, यासंबंधीचा विचार. पूर्वी हा विचार प्रलय व युगान्त यांविषयीच्या धार्मिक कल्पनांच्या अनुषंगाने होत असे. विसाव्या शतकात ओस्वाल्ट श्पेंग्लर (१८८०–१९३६) व आर्नल्ड टॉयन्बी (१८८९–१९७५) यांनी संस्कृतींच्या उदयास्ताची मीमांसा केली. १९४५ मध्ये अणुबाँबचा वापर झाल्यावर मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटले. एखाद्या संस्कृतीचा नव्हे, तर सर्वच संस्कृतींचा एकाच वेळी अंत संभवतो, ही जाणीव मुख्यतः तेव्हापासूनची आहे. या चर्चेत मानवजातीचे टिकणे आणि संस्कृतीचे टिकणे या दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते. त्या वेगळ्या ठेवल्याशिवाय पुढील विवेचनाला अर्थ उरत नाही.

आधुनिक मानव सु. ३ लाख वर्षांपूर्वीपासून अस्तित्वात आहे. शेतीचा आरंभ मात्र गेल्या सु. १२,००० वर्षांतील, म्हणजे अखेरच्या हिमयुगानंतरच्या तुलनेने स्थिर हवामानाच्या काळातील आहे. अतितीव्र नैसर्गिक उत्पातांतून मानवजात वाचल्याचे पुरावे मिळतात. संस्कृतीला मात्र तशा कसोटीस अद्यापि उतरावे लागलेले नाही. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा सु. ७४,००० वर्षांपूर्वीचा उद्रेक हे यांपैकी सर्वांत अभ्यासलेले उदाहरण होय. त्याची राख भारतीय द्वीपकल्पात अनेक ठिकाणी आढळते. पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीकाठच्या बोरी येथील राखेचा थरही टोबाचाच मानला जातो. मात्र तो याच उद्रेकाचा की त्याहून प्राचीन, याविषयी मतभेद आहेत. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम् येथे राखेच्या थराखाली व वरही दगडी हत्यारे सापडली आणि दोहोंच्या घडणीत बरेच साम्य असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील माणसे नष्ट झाली नाहीत, असा त्याचा अर्थ लावण्यात येतो. परंतु ती माणसे शिकार व कंदमुळे यांवर जगणारी, विरळ वस्तीची होती. टोबाच्या मानाने पुष्कळच लहान असलेल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ मधील उद्रेकानंतर १८१६ मध्ये यूरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळाच झाला नाही व पिके बुडाली. यावरून ८०० कोटींहून अधिक लोकांना पोसणाऱ्या आजच्या शेतीवर टोबासारख्या उद्रेकाचा काय परिणाम होईल, याची कल्पना करता येते.

अशनिपाताचा धोका खरा असला, तरी तो सर्वांत कमी चिंतेचा म्हणावा लागेल. लोणारच्या विवरासारखे आघात क्वचितच होतात, मोठे लघुग्रह बव्हंशी ज्ञात झाले आहेत आणि २०२२ मध्ये डायमॉर्फस या लहान खगोलावर यान आदळवून त्याचा परिभ्रमणकाल सु. अर्ध्या तासाने कमी करण्यात आला. सूर्याची वाढती तेजस्विता पृथ्वी निर्जीव करील, ही गोष्ट सु. १०० कोटी वर्षांनंतरची आहे.

संस्कृती प्रत्यक्षात कशी मावळते, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव उपयुक्त आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन झाले. पूर्व जोर्वे काळात (इ. स. पू. सु. १४००–१०००) तेथे प्रशस्त चौकोनी घरे, धान्याचे कोठार आणि पुराचे पाणी वळविणारा पाट व बांध होता. उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. सु. १०००–७००) त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, मृद्‌भांडी ओबडधोबड झाली, शेती घटली आणि शिकारीवरील भिस्त वाढली. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढती अवर्षणप्रवणता हे दिले आहे. येथे लढाई वा अग्निप्रलय दिसत नाही. सुमारे तीनशे वर्षे लोक एकेक सोय सोडत गेले आणि शेवटी गाव ओस पडले. माणसे मात्र बहुधा पशुपालक भटके जीवन जगत राहिली.

सिंधू संस्कृतीचेही असेच झाले. इ. स. पू. सु. १९०० नंतर नगरे ओस पडली. प्रमाणित वजने व लिपी लोपली. गहू, जव, वशिंडाचे बैल व बैलगाडी टिकली. नगरजीवन गंगेच्या खोऱ्यात पुन्हा बहरण्यास हजार वर्षांहून अधिक काळ लागला आणि लिपी आजही वाचता आलेली नाही. [→ सिंधू संस्कृती]. खेड्यात रोज वापरले जाणारे ज्ञान तगते. मोजक्या लोकांच्या हाती असलेले व व्यापार वा राज्यसत्ता यांवर अवलंबलेले ज्ञान प्रथम नाहीसे होते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो. आजच्या संस्कृतीतील बहुतेक महत्त्वाचे ज्ञान या दुसऱ्या प्रकारचे आहे. शिवाय पूर्वीचे ऱ्हास स्थानिक होते. हडप्पा ओस पडले, तेव्हा मेसोपोटेमिया व ईजिप्त नांदत होते. आज अन्न, इंधन, औषधे व चलनव्यवहार यांचे जगभर एकच जाळे झाले असून त्याबाहेर राहिलेले असे फारसे काही उरलेले नाही. भूपृष्ठालगतचा कोळसा व समृद्ध धातुके बऱ्याच प्रमाणात वापरली गेल्यामुळे नव्याने आरंभ करणेही पूर्वीइतके सोपे राहणार नाही.

मानवनिर्मित धोक्यांत अण्वस्त्रे अग्रस्थानी आहेत. १९८६ मध्ये त्यांची संख्या सु. ७०,००० होती, आता ती सु. १२,००० आहे. स्फोटांपेक्षा त्यानंतरचा दुष्काळ अधिक संहारक ठरेल : जळत्या शहरांची काजळी स्थितांबरात पसरून सूर्यप्रकाश अडेल. अमेरिका व रशिया यांच्यातील युद्धात अशा उपासमारीने ५०० कोटींहून अधिक लोक मरतील, असे २०२२ मधील एका अभ्यासात दाखविले आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएट यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला. तो खोटा असावा असे स्तानिस्लाव्ह पेट्रॉव्ह या अधिकाऱ्याने ठरविले व तसे कळविले. व्यवस्थेची सुरक्षितता एका व्यक्तीच्या विवेकावर अवलंबावी, हे तिच्या मजबुतीचे लक्षण नव्हे. हवामानबदलाची गती मंद असली, तरी दिशा निश्चित आहे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दर दशलक्ष भागांत सु. २८० होता, २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला. कृत्रिम रोगजंतू व कृत्रिम बुद्धिमत्ता यांपासूनच्या धोक्यांचे मोजमाप अद्यापि कोणालाही करता आलेले नाही.

संस्कृतीचे आयुर्मान अंकांत मांडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. जे. रिचर्ड गॉट या खगोलभौतिकीविज्ञांनी १९९३ मध्ये मानवजातीचे वय २ लाख वर्षे धरून ती आणखी ५,१०० ते ७८ लाख वर्षे टिकेल, असे ९५ टक्के निश्चितीने म्हटले. टोबी ऑर्ड यांनी पुढील शंभर वर्षांत अस्तित्वघातक आपत्तीची शक्यता षष्ठांश मानली (२०२०). पहिले अनुमान आपण इतिहासाच्या कोणत्याही विशेष क्षणी जगत नाही, या गृहीतावर उभे आहे आणि तेच गृहीत १९४५ नंतर संशयास्पद ठरते. दुसरे तर अभ्यासकाचे वैयक्तिक मत होय.

सामूहिक उपाय यशस्वी होतात, याचीही उदाहरणे आहेत. देवीचे निर्मूलन झाल्याचे १९८० मध्ये घोषित झाले आणि १९८७ च्या माँट्रिऑल करारामुळे ओझोन थराचा ऱ्हास थोपविला गेला. ज्ञान व बीज यांचे जतन हा उपायांचा दुसरा प्रकार होय. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर २००८ मध्ये जागतिक बीजभांडार सुरू झाले. सिरियातील यादवी युद्धामुळे अलेप्पोजवळील कृषिसंशोधन केंद्राची बीजपेढी वापरता येईना, तेव्हा २०१५ मध्ये या भांडारातून प्रथमच बियाणे बाहेर काढण्यात आले. लेबानन व मोरोक्को येथे ते पेरून वाढविण्यात आले आणि २०१७ मध्ये त्याचा काही भाग स्वालबारला परत ठेवण्यात आला.