चित्रकलेची पदवी: चार वर्षे काय शिकवतात?

बारावीनंतर चित्रकलेची पदवी, म्हणजे बीएफए, चार वर्षांची असते. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय, म्हणजे जे. जे., १८५७ पासून कलेचे शिक्षण देत आले आहे. राज्यातल्या बहुतेक कला महाविद्यालयांत प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढायचे असते. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांचा सराव इथे उपयोगी पडतो.

पहिले वर्ष पायाभूत. पुढे रंगकला शाखा घेतली, की खरा कस लागतो तो मॉडेल समोर बसवून केलेल्या रेखाटनात. डोके, मान, खांदे यांचे प्रमाण, शरीराचा तोल, वजन कोणत्या पायावर आहे, हे सगळे कोळशाच्या रेषेतून पकडायचे. हात वळायला महिने जातात; पण त्याआधी नजर घडावी लागते, आणि माझ्या मते पदवीचे सर्वांत मोठे देणे हेच. सोबत स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, रचनाचित्र आणि कलेचा इतिहास असतोच.

हे सारे वास्तववादी वळण नव्या चित्रकाराला जखडते, अशी तक्रार जुनीच आहे. मला ती पटत नाही. वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे. जे.मधूनच पदविका घेऊन बाहेर पडले आणि पुढे भारतातले अग्रगण्य अमूर्त चित्रकार झाले.

प्रवेशाचा विचार असेल, तर आजपासून जवळ स्केचबुक बाळगा आणि बसथांब्यावर, बाजारात दिसतील ती माणसे रोज काढा.