बातमी थेट मुळापासून : वेब फीड आणि पॉडकास्टची ओळख

काही वर्षांपूर्वी देशातील अनेक बाजारपेठांत दुकानदार दहा रुपयांचे नाणे घेईनासे झाले होते. नाणे बंद झाले, ते नकली आहे, अशी आवई उठली होती. रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी प्रसिद्धिपत्रक काढून तोवरच्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध असल्याचे स्पष्ट केले. तरीही कित्येक दुकानांत अफवाच चालत राहिली आणि गिऱ्हाईक हातचे गेले.

मोबाईलवर फिरणारी बातमी दहा हातांतून येते. ती मूळ ठिकाणाहून थेट मागवण्याची सोय म्हणजे वेब फीड.

वर्गणी भरली की साप्ताहिक घरी येते. फीडचेही तसेच आहे. मात्र बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी एका फाईलमध्ये ठेवते. तीत मथळा, तारीख व दुवा असतो. फीड रीडर नावाचे अ‍ॅप ही यादी अधूनमधून तपासते आणि नवे आलेले तुमच्यापुढे मांडते. आरएसएस नावाची ही पद्धत 1999 साली सुरू झाली. या यादीत ध्वनिमुद्रणाचा पत्ता जोडला की पॉडकास्ट तयार होतो. हे नाव 2004 साली पुढे आले.

वर्गणीदार कसे व्हावे?

1. मोबाईलवर फीडली किंवा इनोरीडर यांपैकी एक अ‍ॅप घ्या व ईमेलने खाते उघडा.

2. रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय फीड देतात. त्यांच्या संकेतस्थळावर ‘आरएसएस’ हा शब्द किंवा नारिंगी चौकोनातील ठिपका व दोन कमानी ही खूण शोधा.

3. त्या दुव्याचा पत्ता अ‍ॅपमध्ये चिकटवून ‘फॉलो’ दाबा.

पॉडकास्टसाठी अँटेनापॉड हे मोफत अ‍ॅप आहे. त्यात खातेही लागत नाही. कार्यक्रमाचे नाव शोधा, ‘सबस्क्राईब’ दाबा आणि भाग उतरवून ठेवा. सिंदेवाहीहून माल घेऊन जंगलातल्या रस्त्याने निघाल्यावर नेटवर्क गेले तरी ऐकणे थांबत नाही. सुतार, शिंपी, वेल्डर बांधवांनाही हात कामात असताना ऐकता येते.

सावधगिरी मात्र हवी. फीड घेण्यासाठी ओटीपी किंवा बँकेचा तपशील द्यावा लागत नाही. कोणी मागितला तर तेथेच थांबा. नकली संकेतस्थळाची फीडही नकलीच असते. म्हणून पत्ता एकदा नीट तपासून घ्या.

आलेल्या बातमीची शहानिशा करा, अशी ताकीद कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याने ती विशेष ध्यानात ठेवावी. अफवेवर केलेल्या सौद्याचा तोटा अफवा पसरवणारा भरून देत नाही.