सहा कुशनं, एक सूर

पूलचं टेबल विकत घेताना माणसं लाकडाची झिलई बघतात, कापडाचा रंग बघतात, फार तर खालची स्लेट कितीची आहे ते विचारतात. कडेच्या कुशनवर अंगठा दाबून बघणारा विरळा. खेळ मात्र बराचसा कुशनच्याच भरवशावर चालतो. बँक शॉट, किक शॉट, सेफ्टी, एवढंच काय, पुढच्या शॉटसाठी पांढरा बॉल नेमक्या जागी आणणं, सगळ्यात तो कडेला लागून परत येतो. मनात कोन मांडताना खेळाडूने एक गोष्ट धरूनच चाललेली असते: टेबलाची सहाही कुशनं सारखंच उत्तर देतील. हे खरं करून दाखवणं म्हणजे कुशन बसवणाऱ्या फिटरचं काम.

रबर येण्याआधी टेबलाच्या कडा कापडाच्या पट्ट्या, नमदा किंवा घोड्याचे केस भरून मऊ केलेल्या असत. बॉल त्यांना लागून थांबे, उसळत नसे. १८३५ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी कच्च्या रबराची कुशनं बाजारात आणली. उसळी मिळाली, पण थंडी पडली की हे रबर दगडासारखं कडक होई. खेळण्याआधी गरम पाण्याची भांडी कुशनला लावून ते शेकावं लागे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची पद्धत शोधली आणि हे दुखणं संपलं. १८४५ मध्ये थर्स्टननी व्हल्कनाइज्ड रबराच्या कुशनचं पेटंट घेतलं. त्यानंतर तीसच वर्षांनी जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये स्नूकर जन्माला आलं. भरवशाच्या कुशनशिवाय तो खेळ आजच्या रूपात उभा राहिला नसता.

आजचं कुशन म्हणजे त्रिकोणी छेदाची रबराची पट्टी. तिची मागची बाजू लाकडी रेलला चिकटवलेली असते, पुढची धार, म्हणजे नाक, बॉलला लागते. चांगल्या रबराच्या वरच्या अंगाला कॅनव्हास बसवलेला असतो, त्यामुळे धार वर उचलली जात नाही. मोठ्या अमेरिकी पूल टेबलांवर बहुधा ‘के-६६’ घाटाचं रबर असतं, स्नूकरच्या टेबलावर इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या घाटाचं. घाटाचा संबंध नाकाच्या उंचीशी आहे. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, नाक स्लेटपासून या व्यासाच्या ६२.५ ते ६४.५ टक्के उंचीवर, म्हणजे साधारण ३६ मिलिमीटरवर हवं. नाक खाली आलं तर जोरात मारलेला बॉल उडतो. वर गेलं तर ते बॉलला खाली दाबतं आणि वेग खातं. एक-दोन मिलिमीटरने खेळ बदलतो. शिवाय टेबलाचं मापही नाकापासून नाकापर्यंतच धरतात. ९ फुटी टेबलाचं खेळायचं क्षेत्र १०० बाय ५० इंच, ते या मापानेच. चुकीच्या घाटाचं रबर चिकटवलं तर उंचीबरोबर मैदानही बदलतं.

रबर मरतं ते हळूहळू. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, उन्हाची तिरीप, उकाडा यांनी त्याची लवचीकता जाते. आधी काही जागा बसतात, मग अख्खी पट्टी कडक होते, बोटाने दाबली तर चुरा सुटतो. पण बॉल मंद आला म्हणून लगेच रबराला दोष देऊ नये. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कापड ओल धरतं, बॉल जड चालतो आणि कुशनवरून निघणारा कोनही बदलतो. तिथे आधी खोली कोरडी करावी लागते. रेलचा बोल्ट सैल असेल तर त्या भागात बॉल लागल्यावर भद्द आवाज येतो. पान्याच्या एका फेऱ्यात तो जातो. सरस सुटला असेल तर रबर जिवंत असूनही मागून हलतं. जाणता फिटर म्हणून सुरीला हात घालायच्या आधी बॉल हातात घेतो, प्रत्येक रेलवर थोड्या थोड्या अंतराने हलकेच मारतो आणि आवाज ऐकतो.

रबरच गेलं असेल तर रेल उतरवायची. खालचे बोल्ट काढायचे, पिना उपसून कापड सोडवायचं, वरच्या खाचेत ठोकलेली लाकडाची बारीक पट्टी सांभाळून काढायची. जुनं रबर ओढलं की निघतं. खरा वेळ जातो तो त्यामागे उरलेल्या सरसात. तो खरवडून, पॉलिश पेपर मारून लाकूड सपाट केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खाली एक खडा राहिला तर वरचं नाक तिथे फुगतं. मग लाकडाला आणि रबराला, दोन्हीकडे काँटॅक्ट सरस लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा. दोन्ही पृष्ठभाग एकदा भिडले की सरकवता येत नाहीत, म्हणून हात इथे सावकाश चालतो. एका टोकापासून रबराची वरची कड लाकडाच्या कडेशी जुळवत, दाबत जायचं. रबर ताणायचं नाही. ताणून लावलेली पट्टी नंतर आकसते, टोकाशी ओढ घेते आणि उसळी जागोजागी वेगळी पडते. शेवटी दोन्ही टोकांना राहिलेलं जास्तीचं रबर, सुरी पाण्यात बुडवून, लाकडाच्या तिरक्या कडेलगत एका दमात कापायचं. कोपऱ्याच्या पॉकेटला हा कोन १४२ अंशांचा, मधल्याला १०४. त्या कापावर कडक रबराची पातळ चकती चिकटवतात. पॉकेटच्या तोंडाशी बसणारे धक्के ती झेलते.

यानंतरचं कापड हेही कारागिरीचंच. पट्टी खाचेत ठोकताना कापड सारख्या ताणाने बसायला हवं, पॉकेटच्या कोपऱ्यात घडी एकच आणि सपाट. कापड फार ताणलं तर ते नाकाला आवळून धरतं आणि नव्या रबरालाही उसळू देत नाही. शेवटी रेल चढवून सगळे बोल्ट सारखे आवळायचे आणि परीक्षा घ्यायची. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या मापदंडाप्रमाणे हेड स्पॉटवरून जोरकस, सरळ मारलेला बॉल न उडता टेबलाची किमान ४ ते ४.५ लांबी धावला पाहिजे.

आपल्याकडे या कामाची किंमत ओळखायला मोठं कारण आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी हे पद तीनदा मिळवलं. बिलियर्ड्समध्ये बॉल कुशनलगत जमवून हलक्या स्पर्शाने एकामागून एक कॅनन काढत जाण्याची कला आहे. तिथे कड एका जागी जरी बसलेली असली तरी ब्रेक, म्हणजे सलग गुणांची मालिका, तुटतो. अशा खेळाडूंच्या मागे टेबल रोज निगुतीने राखणारे मार्कर आणि फिटर असावे लागतात. विजेत्यांच्या यादीत त्यांची नावं येत नाहीत.

क्लब आणि पार्लर चालवणाऱ्यांनी म्हणून एवढं तरी करावं. एकच कुशन वाईट झालं तरी सहाही बदलावीत. नव्या-जुन्या रबराची सरमिसळ झालेल्या टेबलावर तोच शॉट दोन बाजूंना दोन तऱ्हांनी येतो, आणि नवशिका मुलगा दोष आपल्या हाताला देत बसतो. रबर मागवताना जुन्याचा घाट मोजावा, आणि काम झाल्यावर रेलच्या पाठीवर घाट व तारीख पेन्सिलने लिहून ठेवावी; पुढच्या फिटरचा निम्मा शोध तिथेच संपेल. कापड दर काही वर्षांनी बदलायचंच असतं. त्याच वेळी कुशनं तपासून घेतली तर रेल दुसऱ्यांदा उतरवावी लागत नाही. टेबलाने सगळ्यांना सारखा न्याय द्यावा ही खेळाची पहिली अट आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे या सहा पट्ट्यांवर ठरतं.