खारपाण, खारीक आणि आरओचा पडदा

अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, विहिरीचे पाणी गोड लागते. चोहोट्टा बाजाराच्या बाजूने पूर्णा नदीकडे उतरू लागलो, की तेच पाणी खारे होत जाते. हा आपला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरला आहे. इथे डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि सोयरीक जुळवताना मुलीकडचे आधी पाण्याची चौकशी करतात. १९३० च्या सत्याग्रहात वऱ्हाडातल्या लोकांना मिठासाठी समुद्र गाठावा लागला नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासूनच त्यांनी मीठ तयार केले.

वान धरणाचे पाणी नळाने अनेक गावांत पोचले. जिथे ते पुरत नाही तिथे आरओचे पाणी येते: नाणे टाकून भरलेला कॅन, नाही तर ओट्यावरचे यंत्र. त्या यंत्राच्या पोटात काय चालते, हे आम्ही ईदच्या आदल्या रात्रीच्या खारकांवरून समजून घेतले.

शीरखुर्म्यासाठी खारीक भिजत घातली की सकाळी ती टरारून फुगते. आत साखर दाट, बाहेर साधे पाणी. म्हणून पाणी सालीतून आपणहून आत शिरते. आरओमध्ये याच्या उलट करायचे असते. खाऱ्या पाण्यावर इतका दाब द्यायचा, की पाणी पडद्यातून पलीकडे जावे आणि मीठ अलीकडेच राहावे.

असा कामाचा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात तयार झाला. सिडनी लोब आणि आपल्या देशातून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तो बनवला. त्याआधीच्या पडद्यांतून पाणी थेंबथेंब गळे. यांनी वरचा दाट थर अगदी पातळ ठेवला आणि खाली सच्छिद्र आधार दिला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कोलिंगा गावात त्यावर पाणी मिळू लागले. ते गावही समुद्रकाठचे नव्हे. त्यांचेही दुखणे जमिनीखालचे खारे पाणीच होते.

आजचा पडदा पॉलिअमाइडचा असतो. एक पदार्थ पाण्यात, दुसरा तेलासारख्या द्रावणात. दोघे भेटतात तिथे दुधावर साय धरावी तसा थर जमतो. माणसाच्या केसापेक्षा तो शेकडो पट पातळ असतो. क्लोरीन मात्र त्याला सोसत नाही, म्हणून यंत्रात आधी कोळशाची गाळणी असते. ती वेळेवर न बदलता पडदा लवकर गेला म्हणून कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही! सायीची जाडी हाच मुख्य प्रश्न, असे बरीच वर्षे धरले जाई. २०२१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की थर सगळीकडे सारखा विणला गेला आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचे आहे. कुठे दाट, कुठे विरळ राहिला, तर पाण्याची वाट अडते. सारख्या थरातून तेवढ्याच दाबाला जास्त पाणी मिळाले.

पण आपल्या पट्ट्याचे खरे दुखणे यापुढे आहे. मीठ नाहीसे होत नाही, उरलेल्या पाण्यात साठते. एका लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी घ्या. त्यातले निम्मे गोड करून काढले, तर उरलेल्यात ६,००० होतात. तीन चतुर्थांश काढले तर १२,०००. नव्वद टक्के काढले तर ३०,०००. समुद्राच्या पाण्यात असतात ३५,०००. म्हणजे पाणी वाया घालवायचे नसेल, तर वऱ्हाडातही समुद्राच्या तोडीच्या खाऱ्या पाण्याशी झुंजणारा पडदा हवा. त्याला दाबही तसाच लागतो. मोटारीच्या चाकात साधारण दोन बार हवा असते. समुद्राच्या पाण्याला ५५ ते ७० बार लागतात. त्याहून खाऱ्या पाण्यासाठी १२० बारपर्यंतचे पडदे निघाले आहेत, पण एवढ्या दाबाखाली थर चेपतो आणि वर चुनखडीसारखे क्षार धरतात. सध्या सुधारणेची धडपड आहे ती इथेच.

शिवाय मुंबई-चेन्नईला उरलेले खारे पाणी सोडायला समुद्र आहे. आपल्याकडे ते नाल्यात जाते, नाल्यातून शेताच्या काळ्या मातीत आणि पुन्हा विहिरीकडे. शुद्ध पाण्याचे केंद्र गावात आले की फीत कापली जाते, पण मागच्या बाजूची नळी कुठे सोडली हे कोणी विचारत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ तळ्यात ते उन्हाने आटवता येते. वऱ्हाडात उन्हाची कमी नाही, पण त्याला जागा आणि पैसा आधीच धरावा लागतो.

घरच्यापुरते सांगायचे, तर आधी पाण्यातले क्षार मोजून घ्या. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले. दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नळाला धरणाचे गोड पाणी येत असेल, तर आरओची गरजच नाही, जंतू मारणारे साधे यंत्र पुरते. आरओ लावावाच लागला, तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जाते. त्या नळीखाली बादली ठेवा. फरशी, संडास, अंगण त्यावर निघते. कुंड्यांना मात्र घालू नका. मशिदीत वजूखान्याजवळ आरओचा कूलर असेल, तर रमजानच्या आधी त्याचीही नळी एका टाकीत वळवून घेता येईल.